चोरटे सुख आणि अपराधभाव : दूरचित्रवाणी मालिकांच्या आस्वादातील एक नैतिक प्रश्न

१

दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिका नियमाने पाहणारा सुशिक्षित प्रेक्षक तिच्याविषयी बोलू लागला, की त्याच्या बोलण्याला एक ठरावीक वळण लागते. मालिका टाकाऊ आहे हे तो प्रथमच सांगून टाकतो, कथानकातील विसंगतींची यादी देतो, आणि शेवटी 'तरीही पाहिल्याशिवाय राहवत नाही' अशी कबुली देतो. ही कबुली देताना तो हसत असतो. आनंद आणि त्या आनंदाबद्दलचा अपराधभाव या दोन्ही गोष्टी त्याच्या ठायी एकाच वेळी नांदत असतात, आणि त्यांच्यातील विरोधाचा त्याला विशेष त्रास होताना दिसत नाही. इंग्रजीत या अनुभवासाठी एक रुळलेले नाव आहे. मराठीत तसे नाव नाही. 'चोरटे सुख' हा शब्द त्याच्या जवळ जातो, परंतु तो पूर्णपणे जुळत नाही. चोरटे सुख लपवले जाते. येथे तर ते चारचौघांत बोलून दाखवले जाते.

या अनुभवाविषयीचा प्रश्न साध्या शब्दांत असा मांडता येईल : एखाद्या कलाकृतीपासून किंवा करमणुकीपासून मिळणाऱ्या आनंदाबद्दल अपराधी वाटणे कधी सार्थ असते? तो अपराध नेमका कशाचा, आणि कोणाविरुद्ध? या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम एक भेद लक्षात घ्यावा लागतो. 'जनाची नाही तर मनाची तरी' या मराठी म्हणीत तो भेद पूर्वीपासूनच नोंदलेला आहे. जनाची लाज ही इतरांच्या नजरेवर अवलंबून असते. ती नजर हटली की लाजही सरते. मनाची लाज कोणी पाहत नसतानाही टिकून राहते. या दोहोंच्या जोडीला तिसरी एक भावना असते, ती म्हणजे खंत. हाती असलेला वेळ अधिक मोलाच्या गोष्टीला देता आला असता, अशी ही हळहळ. लाज, खंत आणि अपराध या तीन भिन्न भावना 'अपराधी वाटते' या एकाच उद्गारात मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय प्रश्नाचा विचार पुढे सरकत नाही.

यांपैकी खंतीचा विचार थोडक्यात आटोपता येतो. रोज अर्धा तास एक मालिका पाहण्यात वर्षाकाठी दीडशेहून अधिक तास जातात. तथापि हाच हिशेब पत्ते, गप्पा, क्रिकेटचे सामने यांनाही लागू पडतो आणि त्यांच्याबाबत तो सहसा मांडला जात नाही. खंत खरी असली तरी ती आनंदाच्या विषयाबद्दल काही सांगत नाही. खरा विचार लाज आणि अपराध यांच्यातील संबंधाचा करावा लागतो.

२

करमणुकीच्या लाजेला मराठी वाङ्मयव्यवहारात मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) या कादंबरीच्या वळणाचे अद्भुतरम्य वाङ्मय वाचकप्रिय झाले, आणि त्याच काळात कादंबरीवाचन हे तरुण मनाला बिघडवणारे व्यसन होय, ही धारणाही बळावली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीला सामाजिक प्रयोजन दिले. इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या संशोधकाने १९०२ मध्ये 'कादंबरी' या विषयावर निबंध लिहावा इतकी प्रतिष्ठा या प्रकाराला लाभली. लाज मात्र नाहीशी झाली नाही, ती एक पायरी खाली उतरली. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा मराठी समाजाच्या कित्येक पिढ्यांनी वाचल्या, पण त्यांच्या वाचनाची गणना 'वाचना'त करण्यास अभ्यासकांनी दीर्घकाळ नकार दिला.

तमाशाचे उदाहरण अधिक बोलके आहे. कनातीत बसून पाहिला जाणारा तमाशा पांढरपेशा प्रेक्षकाला वर्ज्य होता. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) या लोकनाट्याच्या रूपाने तमाशाची गण-गवळण-वगाची बांधणी, सोंगाड्याचा चावटपणा आणि राजसत्तेची टिंगल हे सारे नाट्यगृहात आले, आणि त्याच वर्गाने त्याचा मनमुराद आस्वाद घेतला. सुखाचा ऐवज पुष्कळसा तोच राहिला. जागा, तिकीट आणि शेजारी बसणारा प्रेक्षक यांत बदल झाला. म्हणजे लाज त्या सुखाच्या स्वरूपाला चिकटलेली नव्हती, ती ज्या लोकांबरोबर ते सुख घ्यावे लागे त्यांच्याशी निगडित होती.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत हीच प्रक्रिया वेगळ्या क्रमाने घडली. भारतात या माध्यमाचा आरंभ १९५९ मध्ये दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७५-७६ मधील उपग्रहाद्वारे शिक्षणाच्या प्रयोगापर्यंत आणि त्यानंतरही या माध्यमाचे सरकारी समर्थन शिक्षण व विकास हेच होते. १९८४ मध्ये सुरू झालेली 'हम लोग' ही मालिकादेखील मेक्सिकोतील उद्बोधक मालिकांच्या नमुन्यावर बेतलेली होती, आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार येऊन तात्पर्य सांगत. प्रेक्षकाला मालिका आवडे ती पात्रांमुळे, पण ती पाहण्याला तात्पर्याची सबब उपलब्ध असे. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात प्रसारित झालेल्या 'रामायण' मालिकेने तर पाहण्यालाच पुण्यकर्माचे रूप दिले. अनेक ठिकाणी संचाला हार घातले गेले. तेथे लाजेला वावच नव्हता.

१९९२ नंतर खाजगी वाहिन्या आल्या आणि ही सबब गळून पडली. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि पाठोपाठ ई टीव्ही मराठी सुरू झाल्यावर मराठी दैनंदिन मालिकेचे युग अवतरले. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ ते २०१३ अशी तपभर चालली आणि तिचे भाग तीन हजारांच्या वर गेले. तिच्यामागे विकासाचा संदेश नव्हता, पुण्याचा दावा नव्हता. सुखासाठी सुख, एवढेच तिचे उघड प्रयोजन होते. सबब गेली, पण सबब देण्याची सवय गेली नाही. 'टाकाऊ आहे, तरी पाहतो' हे वाक्य म्हणजे अशोककुमारांच्या तात्पर्याची रिकामी जागा भरून काढण्याचा प्रेक्षकाने स्वतःच केलेला उद्योग होय.

३

या वाक्याचे विश्लेषण करणारा महत्त्वाचा अभ्यास नेदरलँड्समध्ये झाला. इएन आंग यांनी 'डॅलस' या अमेरिकन मालिकेविषयी एका डच स्त्री-मासिकात निवेदन दिले आणि उत्तरादाखल आलेल्या ४२ पत्रांचा अभ्यास केला. १९८२ मध्ये डच भाषेत व १९८५ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले, की मालिकेचा तिरस्कार करणारे, तिच्याकडे उपरोधाने पाहणारे आणि तिच्यावर प्रेम करणारे, हे सर्वच प्रेक्षक एका सामायिक विचारव्यूहाच्या सावलीत बोलतात. लोकप्रिय ते हीन, हे त्या व्यूहाचे गृहीत. तिरस्कार करणाऱ्याला आपली बाजू मांडण्यासाठी काही सिद्ध करावे लागत नाही. प्रेम करणाऱ्याला मात्र सतत बचाव करावा लागतो. उपरोधाने पाहणारा सर्वांत सुरक्षित असतो. त्याला सुखही मिळते आणि श्रेष्ठत्वही शाबूत राहते.

पिएर बूर्दिए यांनी १९७९ मध्ये अभिरुचीच्या सामाजिक मीमांसेत जो मुद्दा मांडला, तो येथे उपयोगी पडतो. कांटने १७९० मध्ये शुद्ध सौंदर्यानंद हितसंबंधांपासून मुक्त मानला आणि इंद्रियसुखाहून तो वेगळा काढला. बूर्दिए यांच्या मते ही तटस्थता स्वतःच एका वर्गाची मिरास असते. जगण्याच्या निकडीपासून ज्यांना अंतर राखता येते, त्यांनाच कलाकृतीपासूनही अंतर राखता येते. उपरोध हे असेच एक अंतर आहे. ते सर्वांना सारखेच उपलब्ध नसते. दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी मालिका पाहणारी आणि नायिकेच्या दुःखाने खरोखर डोळे पुसणारी स्त्री 'टाकाऊ आहे, पण पाहते' असे म्हणत नाही. तिच्या सुखाला घरातील इतर माणसे हसतात. प्राध्यापकाच्या उपरोधिक सुखाबरोबर मात्र ती हसतात.

येथे लिंगभावाचाही प्रश्न गुंतलेला आहे. पाच दिवसांचा कसोटी सामना पाहणारा पुरुष आपले सुख अपराधी म्हणत नाही. रात्रभर राजकीय चर्चा पाहणाराही म्हणत नाही. अपराधाचा शिक्का बसतो तो घर, नाती, विवाह यांच्याभोवती फिरणाऱ्या कथांवर, म्हणजे परंपरेने स्त्रियांच्या मानल्या गेलेल्या वाङ्मयावर. तानिया मॉडलेस्की यांनी १९८२ मध्ये दाखवले, की अखंड लांबणारी मालिका ही सतत खंडित होणाऱ्या घरकामाच्या लयीशी जुळणारी असते आणि तिच्यातील खलनायिका ही प्रेक्षक-स्त्रीच्या दबलेल्या संतापाची वाट असते. ऑगस्ट २०१६ ते मार्च २०२१ या काळात चाललेल्या 'माझ्या नवऱ्याची बायको' या मालिकेतील शनायाला लाभलेली लोकप्रियता या निरीक्षणाच्या प्रकाशात समजून घेता येते. नागपूरकडची बोली बोलणारी, सोशिक आणि पुढे स्वतःचा मसाल्यांचा उद्योग उभारणारी राधिका ही प्रेक्षकाच्या सहानुभूतीची धनी होती. पण नियम मोडणारी, आळशी, हव्यासी शनाया पडद्यावर आली की रंगत वाढे, हेही खरे.

येथवरच्या विवेचनातून एक निष्कर्ष जवळजवळ अपरिहार्य वाटू लागतो. तथाकथित अपराधभाव हा वस्तुतः वर्गाची व लिंगाची लाज आहे, आणि ती झटकून टाकणे हेच मुक्तीचे लक्षण. गेल्या चार दशकांतील लोकसंस्कृतीच्या अभ्यासाचा एक मोठा प्रवाह याच निष्कर्षावर थांबला आहे. परंतु हा निष्कर्ष घाईचा आहे. जनाची लाज खोटी ठरल्याने मनाची लाज आपोआप खोटी ठरत नाही.

४

प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या चौथ्या खंडात लिऑन्टिअसची एक छोटी हकिकत येते. पायरियसहून वर येताना त्याला तटाबाहेर वधकाजवळ पडलेली प्रेते दिसतात. पाहावे असे वाटते आणि त्याच वेळी स्वतःची किळस येते. काही वेळ तो तोंड झाकून घेतो. अखेर इच्छा जिंकते, आणि डोळे विस्फारून तो प्रेतांकडे धावतो व आपल्याच डोळ्यांना शिव्याशाप देतो. प्लेटोला या हकिकतीतून आत्म्यातील तेजस्वी अंश वासनेविरुद्ध बुद्धीच्या बाजूने कसा उभा राहतो, हे दाखवायचे आहे. प्रस्तुत संदर्भात तिचे महत्त्व वेगळे आहे. लिऑन्टिअसला कोणी पाहत असल्याचा उल्लेख नाही. प्रेते पाहणे हे हलक्या लोकांचे काम आहे, म्हणून तो संतापत नाही. तो ज्यात सुख घेतो आहे, त्या गोष्टीमुळेच तो संतापतो. अपराध आहे तो सुखाच्या विषयात. शिवाय त्याच्या संतापात हसू नाही.

मालिकेच्या आस्वादाला हा निकष लावला तर काय दिसते? दैनंदिन मालिकेच्या सुखाचा मोठा भाग एका व्यक्तीच्या, बहुधा सुनेच्या किंवा पत्नीच्या, लांबवलेल्या छळावर उभा असतो. यावर पहिला आक्षेप असा की मालिकेतील छळ कोणाचाही छळ नसतो. करुणरसापासून आनंद का होतो, हा प्रश्न भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही काव्यशास्त्रांनी सोडवला आहे. साधारणीकरणाने लौकिक दुःखाचे दुःखपण सुटते, हे भट्टनायकापासून मान्य आहे. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील संमेलनात मांडलेली सविकल्प समाधीची कल्पनाही याच प्रश्नाला दिलेले उत्तर होते : वाचक परकायाप्रवेश करतो, पण स्वतःला विसरत नाही. मग शोकांतिका पाहणाऱ्यावर जो आरोप कोणी करत नाही, तो मालिका पाहणाऱ्यावर का करावा?

या आक्षेपाचे उत्तर रसाभासाच्या विचारात सापडते. भाव अनुचित विषयाकडे वळला की निर्माण होतो तो रसाचा आभास, असे शास्त्र सांगते. रावणाची सीतेविषयीची रती हे त्याचे नेहमीचे उदाहरण. अभिनवगुप्तांच्या विवेचनातील सूक्ष्मता अशी की तन्मयतेच्या क्षणी त्या रतीचा आस्वाद रतीसारखाच येतो. अनौचित्याचे भान नंतरच्या विचाराने येते, आणि तेव्हा तिचे रूप हास्याकडे झुकते. म्हणजे आस्वाद आणि औचित्यविचार हे दोन वेगळे क्षण आहेत. पहिल्या क्षणासाठी कोणालाही दोषी धरता येत नाही. नैतिक प्रश्न असतो तो दुसऱ्या क्षणाचा : तो येतो की नाही, आणि आल्यावर प्रेक्षक त्याचे काय करतो?

शोकांतिकेत हा दुसरा क्षण रचनेनेच घडवून आणलेला असतो. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण या पाच संधींतून नाट्य पूर्णत्वाला पोचते. निर्वहणाशी आल्यावर प्रेक्षकाला मागे वळून पाहावेच लागते. दैनंदिन मालिका निर्वहणापर्यंत पोचतच नाही. तिचे अर्थकारणच तिला पोचू देत नाही. वर्षानुवर्षे ती गर्भ आणि विमर्श यांच्या दरम्यान घोटाळत राहते. कारस्थान उघडे पडणार असे वाटते, आणि ते एका दाराआडच्या कानाने किंवा एका न पोचलेल्या निरोपाने पुन्हा झाकले जाते. नंतरच्या विचारासाठी 'नंतर' उरतच नाही. उद्याचा भाग त्याची जागा घेतो. 'टाकाऊ आहे, तरी पाहतो' ही हसती कबुली या रिकाम्या जागेत शिरते. अभिनवगुप्तांना अभिप्रेत असलेले हास्य अनौचित्याच्या बोधातून उमटणारे होते. या प्रेक्षकाचे हसू त्या बोधाला बगल देण्यासाठी असते. तो कथानकातील असंभाव्यतेला हसतो, अभिनयाला हसतो, दागिन्यांना हसतो. एका स्त्रीचा अपमान रोज सायंकाळी आपल्याला गोड का लागतो, हे मात्र तो विचारत नाही. लहान अपराध कबूल करून मोठ्या प्रश्नातून सुटका करून घेण्याची ही रीत आहे.

येथे दुसरा आक्षेप उपस्थित होतो. एका प्रेक्षकाने पाहिले किंवा न पाहिले तरी काय फरक पडतो? प्रेक्षकसंख्येचे मापन निवडक नमुना-घरांतच होते. ज्याच्या घरी मापनयंत्र नाही, त्याच्या पाहण्याने गुणांकनात कणभरही बदल होत नाही. हा युक्तिवाद खरा आहे, आणि म्हणूनच तो उपयुक्त आहे. परिणामांच्या आधारे येथे अपराध सिद्ध करता येत नाही, हे त्याने स्पष्ट होते. मग आधार उरतो तो एकच : सुख हे माणसाच्या घडणीचा भाग असते. कोणत्या गोष्टीत सुख वाटावे आणि कोणत्या गोष्टीत दुःख, याचे वळण लागणे म्हणजेच सद्गुणाचे शिक्षण, असे ॲरिस्टॉटल मानतो. प्लेटोने दहाव्या खंडात घेतलेली शंकाही हीच होती, की दुसऱ्याच्या दुःखात मुरलेली चटक पुढे स्वतःच्या जगण्यात उतरते. ही शंका अतिरेकी म्हणता येईल, निराधार म्हणता येणार नाही.

५

वरील विवेचन कल्पित कथेपुरते होते, आणि तेथे साधारणीकरणाचा आधार तरी होता. हा आधार जेथे उरत नाही, तेथे प्रश्नाची धार वाढते. २०१८ पासून मराठीतही आलेल्या 'बिग बॉस'सारख्या कार्यक्रमात अपमानित होणारी व्यक्ती खरी असते. तिने संमती दिलेली असते, करार केलेला असतो, मोबदला घेतलेला असतो. तथापि संमतीने अपमान करणाऱ्याची जबाबदारी हलकी होत असली, तरी त्या अपमानात सुख घेणाऱ्याच्या मनाविषयीचा प्रश्न मिटत नाही. वृत्तवाहिन्यांच्या बाबतीत तर संमतीही नसते. जून २०२० मध्ये एका हिंदी चित्रपट-अभिनेत्याच्या मृत्यूनंतर कित्येक आठवडे वाहिन्यांवर जे चालले, त्यात संशयाच्या भोवऱ्यात सापडलेल्या व्यक्तींचे खाजगी आयुष्य रोज रात्री उघडे केले गेले. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांनी चालवलेले असे खटले न्यायदानाच्या प्रक्रियेत अडथळा आणतात, असे मत नोंदवले. त्या रात्री संचासमोर बसलेल्या प्रेक्षकवर्गाने या पाहण्याला कधी चोरटे सुख म्हटले नाही. त्याच्यापाशी सबब होती. माहिती घेणे हे नागरिकाचे कर्तव्य, ही ती सबब. लिऑन्टिअसची प्रेते त्याच्यासमोर होती. किळस मात्र नव्हती.

या दोन अनुभवांची तुलना केली की अपराधभावाची विपरीत वाटणी ध्यानात येते. कोणाचेही काही बिघडवत नसलेली कौटुंबिक मालिका पाहताना जो प्रेक्षक ओशाळतो, तोच जिवंत माणसाची विटंबना निःसंकोचपणे पाहतो. पहिल्या ठिकाणी जनाची लाज आहे, कारण मालिका हीन मानली गेली आहे. दुसऱ्या ठिकाणी ती नाही, कारण बातमी प्रतिष्ठित मानली गेली आहे. आणि जनाची लाज जेथे नसते, तेथे मनाची लाजही जागी होत नाही, इतका तिला पहिलीच्या आडोशाने राहण्याचा सराव झाला आहे.

समीक्षेपुढील काम येथून सुरू होते. मालिकांना हीन ठरवण्याचे काम जुन्या समीक्षेने पुष्कळ केले. त्या हीन नाहीत हे सांगण्याचे काम नव्या अभ्यासाने केले. दोन्हींनी लाजेचाच विचार केला. आस्वादाचा विषय काय, त्यातील सुख कोणत्या क्षणी आणि कशामुळे उपजते, आणि त्या सुखाला अनौचित्याच्या बोधापर्यंत पोचू न देणारी रचना कोणती, हे प्रश्न त्यामुळे मागे पडले. त्यांचा विचार करताना मालिका, सामना, चर्चा आणि बातमी यांत प्रतिष्ठेचा भेद करून चालणार नाही. अभ्यासासाठी म्हणून मालिका पाहणारा अभ्यासकही यातून वगळता येत नाही. अभ्यास हीसुद्धा एक सबबच असते, आणि अशोककुमारांच्या तात्पर्याहून ती फारशी वेगळी नाही. डोळे पुसत मालिका पाहणाऱ्या स्त्रीपाशी सबब नसते. निदान तिचे दुःख ज्याला दुःख म्हणावे अशा गोष्टीशी जडलेले असते. तिच्या आस्वादाला भाबडा म्हणण्यापूर्वी, आपल्या हसण्याने आपण कशाकडे पाहण्याचे टाळले, हे उपरोधिक प्रेक्षकाने तपासून पाहणे आवश्यक आहे.